पान दोनवरची आदरांजली

२ एप्रिल २०२५
वाटूर

पप्पा,

जय भीम. 'सप्रेम' लिहिलेलं नाही, ते विसरून नव्हे.

माझ्या लग्नाची कार्यक्रमपत्रिका मीच तयार करते आहे. तिच्या पान दोनवर तुम्ही मेलेले आहात. हे दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं, म्हणून पत्र. मामानं तुमचा फोन नंबर दिलाय, पण फोनवर तुम्ही 'हं' आणि 'बरं' यांच्या पुढं जात नाही आणि मला एकदा सगळं सलग बोलायचं आहे.

लग्न ११ मेला, रविवारी, परतूरला. मुलाचं नाव राजानंद, वीज कंपनीत आहे. मी बोलायला लागले की हातातला मोबाइल उपडा ठेवतो. एवढ्यावरच मी हो म्हटलं असं आई चिडवते, आणि ते खरंही आहे. त्याचे वडील साहेबराव, निवृत्त शिक्षक. सगळं परतूर त्यांना गुरुजी म्हणतं. त्यांच्या घरची रीत अशी, की लग्नात प्रत्येक पाहुण्याच्या हातात विधीची छापील पत्रिका द्यायची. त्रिशरण, पंचशील, प्रतिज्ञा, गाथा, सगळं क्रमानं. लोकांनी नुसतं जेवून जाऊ नये, चार ओळी तोंडानं म्हणाव्यात, असं त्यांचं म्हणणं.

हे काम माझ्याकडे येणारच होतं. वाटूरच्या चौकात एका प्रेसमध्ये मी डिझाइनचं काम करते. आजूबाजूच्या गावांतली निम्मी लग्नं माझ्या हाताखालून जातात. चुलत्याचं नाव बारीक अक्षरात आलं म्हणून लग्नात पाण्याचा घोटही न घेता उठून गेलेली माणसं मला ठाऊक आहेत. कुणाचं नाव कुणाच्या वर, कुणाचा फोटो केवढा, यावर मी भांडणं लावूही शकते आणि मिटवूही शकते. पण तुमच्या नावाशी आले आणि अडले. आपल्या पत्रिकांत जिवंत माणसाच्या नावाआधी 'आयु.' येतं, गेलेल्याच्या नावाआधी 'कालकथित'. घर सोडून गेलेल्या माणसासाठी काही नसतं.

तुम्ही मेलात कसे, ते सांगते. राजूर सोडून आई मला घेऊन इथं मामाकडे आली तेव्हा मी दहावीत होते. इथं तुम्हाला कुणी पाहिलेलं नव्हतं. आईच्या गळ्यात काही नाही, कपाळावर काही नाही, हे बघून लोकांनी जे समजायचं ते समजून घेतलं. तिनं सांगितलंही नाही आणि खोडलंही नाही. मागच्या वर्षी अंबडचं एक स्थळ आलं, त्यांना मात्र तिनं खरं सांगितलं. ती माणसं चहा पिऊन गेली ती गेलीच. नंतर राजानंदकडचे आले. त्याच्या आईनं विचारलं, मुलीचे वडील कधी वारले? आई म्हणाली, "लई वर्सं झाली. छातीत कळ आल्ती." मी आत पोहे परतत होते. उलथनं तसंच कढईत राहिलं, पोहे खाली लागले.

रात्री मी भांडले. ती म्हणाली, "मेलेल्याची बायको असली की लोक पाणी इचारतेत. टाकलेली असली की कारन इचारतेत. मी लई दिस कारनं सांगितली, आता तू तरी पाणी पी."

आता गुरुजींनी फर्मान काढलंय, की नवरीच्या वडिलांना मंडपात आदरांजली वाहायची. फोटो ठेवायचा, हार घालायचा, दोन मिनिटं स्तब्ध उभं राहायचं, आणि तुमच्याविषयी ते स्वतः बोलणार. बाप नसलेल्या पोरीला पोरकं वाटू नये म्हणून. माणूस इतका चांगला आहे की त्याच्यावर चिडताही येत नाही.

छपाईला अजून वेळ आहे. तुम्ही 'मी येतो' एवढं म्हणालात तर मी सगळं थांबवीन. राजानंदला सांगीन, गुरुजींना सांगीन, लग्न टिकलं तर टिकलं आणि मोडलं तर मोडलं. पण तुम्ही यायचं, आणि आईच्या शेजारी उभं राहून मेणबत्ती लावायची. आपल्याकडे कन्यादान नसतं, बापाला एवढंच काम असतं. तेवढं जमतंय का बघा.

मामाची गाडी तुमच्या शहागडवरून जाते. त्याच्या हाती पत्र देते आहे.

अक्षता


१३ एप्रिल २०२५
वाटूर

पप्पा,

फोटो मिळाला.

मामानं आधी पाकीट दिलं आणि मग तुमचं बोलणं सांगितलं. तुम्ही पत्र ट्रकच्या सावलीत बसून वाचलंत, दोनदा वाचलंत, घडी घालून खिशात ठेवलंत आणि आईचं नाव घेऊन म्हणालात, "उषा बराबर करून राह्यली. पोरीचं मोडू नका म्हणावं. फोटू जुना नका लावू, त्यात मी लई येडा दिसतो. मी नवा काढून देतो." मग मामाला चहाच्या टपरीवर बसवून स्टुडिओत गेलात. ती टपरी कुणाची, हे मामानं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

मी विचारलं होतं येता का, आणि तुम्ही स्वतःच्या आदरांजलीसाठी फोटो काढून पाठवलात. निळ्या चौकड्यांचा शर्ट घालून, भांग पाडून. मला एवढा राग आला की पाकीट तसंच प्रेसच्या खणात टाकलं आणि दिवसभर दुसऱ्यांच्या पत्रिका केल्या. वाटूर फाट्यावरच्या एका लग्नात तीन मामा आहेत, तिघांना पहिलं नाव पाहिजे. मी तिघांना गोलात बसवलं.

दुसऱ्या दिवशी फोटो काढून बघितला. पप्पा, तुम्ही पांढरे झालात. डोक्यावर एक काळा केस नाही, चष्मा लागलाय, गाल आत गेलेत. आता हा माणूस मी दहावीत असताना वारलेला कसा दाखवायचा? मेलेली माणसं म्हातारी होत नाहीत. तुम्हाला एवढंसुद्धा सुचलं नाही. नेहमीसारखं करायला गेलात एक आणि काम लागलं दुसऱ्याला.

मग मी फोटो स्कॅन करून तुमचे केस काळे केले. आधी चष्मा काढला, डोळ्यांखालच्या रेघा पुसल्या, मग केस. स्क्रीनवर चेहरा खूप मोठा करावा लागतो, तेव्हा कुठं नीट होतं. तुमच्या हनुवटीवर शिडीवरून पडल्याचा व्रण आहे, तो तुम्ही राजूरला पेंटर होतात तेव्हाचा, दुकानाचा बोर्ड रंगवतानाचा. तुमचा डावा कान माझ्यासारखाच थोडा बाहेर आलेला आहे. इतक्या जवळून मी तुम्हाला कधी बघितलंच नव्हतं. तुम्ही राजूरला होतात तेव्हा एकतर शिडीवर तरी असायचात, नाहीतर अंगाला टर्पेंटाइनचा वास घेऊन झोपलेले तरी. शेजारच्या टेबलवरच्या साक्षी नावाच्या मुलीनं विचारलं, कोण गं हे? मी म्हटलं, वडील. ती उठून आली, माझ्या पाठीवर हात ठेवला. तो हात मला फार जड झाला.

घरी आईला दोन्ही फोटो दाखवले, आधीचा आणि नंतरचा. काळ्या केसांच्या फोटोकडे तिनं नजरसुद्धा टाकली नाही. पांढऱ्या केसांचा हातात धरून उंबऱ्यात उजेडाला गेली. मग म्हणाली, "चष्मा लागला म्हन की." आणि भाकरी टाकायला आत गेली. त्या दिवशी भाकरी जाड झाल्या.

उद्या जयंती आहे. प्रेसला सुट्टी नाही, सगळ्या गावांचे फ्लेक्स आजच पाहिजेत. तुमचं पोट ज्या फ्लेक्सनं मारलं त्याच्यावरच माझं भरतंय. भिंतीवर नाव रंगवायला कुणी बोलवेना म्हणून तुम्ही शहागडला ट्रक रंगवायला गेलात, एवढं मला तेव्हाही कळत होतं. आधी दर आठवड्याला येत होतात. येणं कसं कमी झालं, आणि आई एकदा तिकडे जाऊन तुमचं दुसरं घर बघून आली, ते नंतर कळलं.

मी अजून वाट बघते आहे. छपाई राहिली आहे.

अक्षता


२७ एप्रिल २०२५
वाटूर

पप्पा,

तुमचं काहीच आलं नाही. मामा म्हणतो, तुम्ही नुसती मान हलवली. कुणीकडे हलवली ते त्याला सांगता आलं नाही.

काल गुरुजी स्वतः प्रेसमध्ये आले, प्रूफ बघायला. पत्रिका आठ पानी, गाथांचं प्रत्येक अक्षर त्यांनी बोट ठेवून वाचलं. पान दोनवर माझी एक लबाडी त्यांनी पकडली. त्यांनी दिलेला क्रम असा होता, आधी त्रिशरण आणि पंचशील, मग आदरांजली. पंचशीलातलं चौथं शील तुम्हाला माहीत आहे. खोटं बोलण्यापासून मी अलिप्त राहीन, असं सगळ्यांसमोर माइकवर म्हणायचं, आणि लगेच खालच्या ओळीत 'कालकथित वसंता यांना आदरांजली'. ते मला पानावर बघवेना. म्हणून मी आदरांजली उचलून वर नेली होती. आधी खोटं उरकून घ्यायचं, मग शील घ्यायचं. म्हणजे निदान शील घेतल्यानंतर तरी खोटं नाही.

गुरुजींनी लाल पेनानं बाण काढून ती परत खाली आणली. "न्हाई बेटा, शील आधी. मंग बाकी समदं. ह्याच्यात फेर करता येत न्हाई."

त्यांना वाटलं मला नियम ठाऊक नाही.

आदरांजलीच्या मजकुराची जागा कोरी होती. इतरांसाठी मी असले मजकूर चहा पिता पिता लिहिते. मनमिळाऊ, कष्टाळू, शांत स्वभावाचे, वगैरे. साचा तयार असतो, नाव बदलायचं. तुमचं नाव त्यात घालून बघितलं. मनमिळाऊ होतातच तुम्ही, त्यातूनच तर सगळं झालं. मग खोडलं.

गुरुजी म्हणाले, "मला बोलायचंय त्यांच्यावर. एखादी आठवण सांग. मोठी नको, खरी पायजे."

खरी म्हणाले म्हणून मी खरी सांगितली. राजूरला लग्नघराच्या भिंतीवर तुम्ही नवरा-नवरीची नावं रंगवायचात, दोन्ही बाजूला हत्ती काढायचात, आणि मी खाली तांबड्या रंगाचा डबा धरून उभी असायची. तुम्ही नवरीचं नाव आधी लिहायचात आणि फार सावकाश लिहायचात. घरची माणसं घाई करायची, पेंटर, आटपा लवकर, पाहुणे आले. तुम्ही म्हणायचात, "नवरदेवाचं काय, मागून टाकता येतं. पोरीचं नाव या भिंतीवर फिरून कोन लिहिणार हाय?" एका वेलांटीला तुम्ही विडी संपेपर्यंत वेळ लावायचात.

गुरुजींनी चष्मा काढून पुसला. म्हणाले, असा माणूस आज पाहिजे होता. मी 'हो' म्हटलं. पप्पा, त्या क्षणी मी सांगू शकले असते. माणूस पाच फुटांवर होता, प्रेसमध्ये दुसरं कुणी नव्हतं. पण मला आईचा चेहरा दिसला, 'मंग विहीणबाईंनी सांगितलं ते?' असं कुणी विचारल्यावर होईल तसा. आणि खरं सांगायचं तर नुसती आई नाही. मला राजानंद पाहिजे आहे.

आज छपाईला दिलं. पान दोन, कालकथित वसंता, काळे केस.

आता एक विनंती, आणि ही ऐका. येऊ नका. पहिल्या पत्रात मी या म्हटलं होतं, तेव्हा तुम्ही फोटो पाठवलात. आता फोटो येतोय, तुम्ही नको. कुणी ओळखणार नाही हे मला माहीत आहे, राजूरकडचं कुणी बोलावलेलं नाही. पण मी ओळखीन. सगळ्यांसमोर माझा तोल गेला तर आईनं इतकी वर्षं एकटीनं जे तोलून धरलं ते एका मिनिटात सांडेल. तिचे उपकार तुमच्यापेक्षा जास्त आहेत.

तुमची अक्षता


१५ मे २०२५
परतूर

पप्पा,

तुम्ही माझं कधी ऐकलंय?

मामा शपथ घेऊन सांगतो की त्यानं तुम्हाला आणलं नाही, तुमचे तुम्हीच बसनं आलात. जेवला नाहीत हेही त्यानंच सांगितलं. एक माणूस उपाशी गेला म्हणून लग्नात कुणाचं अडत नाही, पण मला तेव्हापासून घास गोड लागत नाही.

तुम्ही कधी आलात आणि काय काय ऐकलंत ते मला माहीत नाही, म्हणून माझ्या बाजूनं सांगते. आई एकटीनं मेणबत्ती लावायला गेली. शेजारी मामा उभा राहणार होता, पण तिनं त्याला हातानं थांबवलं. काडी पहिल्यांदा विझली, दुसऱ्यांदाही विझली. मग पंचशील झालं. चौथ्या शीलाला माझे ओठ हलले, आवाज निघाला नाही. आईचा मात्र निघाला, सगळ्या मंडपाला ऐकू जाईल असा. तिला माइकची गरज नव्हती.

मग गुरुजी बोलले. भिंतीची गोष्ट त्यांनी अशी सांगितली, जशी मलाही सांगता आली नाही. हत्ती, रंगाचा डबा, वेलांटी, सगळं. मागच्या बायका डोळे पुसत होत्या. "या माणसानं गावातल्या समद्या पोरींची नावं लिहिली आन् स्वतःच्या पोरीचं नाव लिहायला राहिला न्हाई," असं ते म्हणाले, आणि दोन मिनिटांसाठी सगळे उठले.

सगळ्यांनी डोळे मिटले, माना खाली घातल्या. मी मिटले नाहीत. का ते माहीत नाही. मला भीती वाटत होती, की मिटले तर तुम्ही खरंच मेलेले दिसाल. म्हणून उघडे ठेवले आणि समोर बघत राहिले. मंडपाच्या दाराशी, स्पीकरच्या मोठ्या खोक्याला टेकून, निळ्या चौकड्यांच्या शर्टात तुम्ही उभे होतात. चष्मा होता. केस पांढरे होते. हातात पत्रिका होती.

मला हाक मारायची होती, खोटं कशाला बोलू. आईचा, राजानंदचा, सगळ्यांचा विसर पडला होता. तुम्ही एकदा माझ्याकडे बघितलं असतं तर मी पप्पा म्हणून ओरडले असते आणि पुढचं पुढं बघितलं असतं. पण तुम्ही मान खाली घातली होती आणि तुमचेही डोळे मिटलेले होते. सगळ्या मंडपाबरोबर तुम्हीही तुमच्यासाठी उभे होतात.

लोक खाली बसले, खुर्च्या वाजल्या, तेवढ्यात तुम्ही गेलात. आई माझ्या जवळच होती. ती दाराकडे बघत होती. तिनं डोळे कधी उघडले, की मिटलेच नव्हते, ते मी तिला विचारलेलं नाही.

आता इथलं. माणसं चांगली आहेत. फार चांगली आहेत, तेच अवघड आहे. गुरुजींनी तुमचा फोटो मंडपातून घरी आणला आणि बैठकीत लावला, त्यांच्या स्वतःच्या वडिलांच्या शेजारी. म्हणाले, पोरीला माहेर डोळ्यांसमोर असू दे. सासूबाई रोज सकाळी वंदना झाली की त्या फोटोंकडे वळून हात जोडतात. मी शेजारी उभी असते. मीही जोडते. माझ्याच हातानं काळ्या केलेल्या केसांना रोज नमस्कार करते, आणि दारावर कुणी टकटक केली की मला धडकी भरते. तुम्ही या घरात कधीच पाय ठेवू शकणार नाही, हे मला छापताना सुचलं नव्हतं. एवढी पत्रिका मी आठ वेळा तपासली होती.

काल राजानंद म्हणाला, "दोन मिन्टं समदे डोळे झाकून उभे होते आन् तू दाराकडं बघून राह्यलीस. काय होतं तिथं?"

म्हणजे त्यानंही उघडे ठेवले होते. माझ्याकडे बघण्यासाठी.

मी म्हटलं, सांगते. तो थांबला. मोबाइल उपडा ठेवला. मला तोंडानं सांगता आलं नाही, तर म्हणाला, "मंग लिहून दे."

म्हणून हे पत्र मामाकडे देणार नाही. आईला मी सकाळी फोन केला होता. तिला सांगितलं, मी त्याला सांगणार आहे. मग म्हणाली, "तुझं घर हाय, तुला कळतं. माझं काय व्हायचं ते होऊ दे." मी रडले, ती रडली नाही.

आता हे पत्र न चिकटवता राजानंदच्या हातात देते. आधी तू वाच म्हणते. वाचून झालं की फाडायचं तर फाड, नाहीतर चिकटवून तूच पोस्टाच्या पेटीत टाक. पाकिटावर तुमचा शहागडचा पत्ता लिहून ठेवला आहे.

पत्र तुमच्या हातात पडलं, तर ते त्यानं टाकलेलं आहे असं समजा. मग बसनं या. बैठकीतला फोटो मी त्याआधी उतरवून ठेवीन, गुरुजींशी काय बोलायचं ते आम्ही दोघं बघू. आधी वाटूरला आईकडे जा, तुम्हाला मी बोलावलंय म्हणून तिला सांगा. ती बोलली नाही तर नाही, तुम्ही शेजारी बसून राहा.

आणि येताना केस काळे करू नका.

अक्षता